‘रिक्यूज’ म्हणजे काय? न्यायाधीश खटल्यातून बाजूला होतात, तेव्हा नेमकं काय घडतं?

‘न्यायमूर्तींनी स्वतःला रिक्यूज केलं.’ मोबाईलवर अशी एका ओळीची बातमी येते आणि काही मिनिटांत कमेंट्समध्ये तीन गट पडतात. पहिला गट म्हणतो, न्यायाधीशांनी राजीनामा दिला. दुसरा म्हणतो, घाबरून पळ काढला. तिसऱ्याला खात्री असते की, नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे, उगाच कोण बाजूला होईल?

‘रिक्यूज’ या शब्दात या तिन्हींपैकी एकही अर्थ नाही.

रोजच्या इंग्रजी बोलण्यात हा शब्द फारसा ऐकू येत नाही. शाळेतल्या शब्दसंग्रहातही तो नसतो. तो भेटतो थेट बातमीत, तेही बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या खटल्याच्या बातमीत. त्यामुळे अर्थाचा अंदाज बांधला जातो आणि तो अंदाजच फॉरवर्ड होतो. म्हणून हा शब्द, त्याचा वापर आणि त्यामागची पद्धत एकदा नीट समजून घेऊ.

अर्थ एका वाक्यात

एखाद्या प्रकरणाशी आपला संबंध आहे, किंवा तसा तो आहे असं लोकांना वाजवीपणे वाटू शकतं, म्हणून त्या प्रकरणाचा निर्णय घेण्यापासून स्वतःहून बाजूला होणं म्हणजे ‘रिक्यूज’ होणं.

यातला ‘त्या प्रकरणापुरतं’ हा भाग महत्त्वाचा आहे. न्यायाधीशाचं पद कायम राहतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे कोर्टात बसतात आणि बाकीचे खटले ऐकतात. फक्त ती एक फाईल दुसऱ्या न्यायाधीशाकडे जाते.

मराठी वर्तमानपत्रं यासाठी ‘सुनावणीतून माघार घेतली’ किंवा ‘सुनावणीपासून स्वतःला दूर ठेवलं’ असं लिहितात. अर्थ पोहोचतो, पण ‘माघार’ या शब्दाला हरण्याचा वास आहे. ‘अंग काढून घेतलं’ म्हटलं तर जबाबदारी टाळल्यासारखं वाटतं. त्यातल्या त्यात ‘सुनावणीतून बाजूला झाले’ हे सरळ आणि कुणावर ठपका न ठेवणारं आहे.

उच्चार आणि व्याकरण

उच्चार ‘रि-क्यूज’. शेवटचा ‘ज’ इंग्रजी ‘एक्सक्यूज मी’ मधल्यासारखा. या कृतीचं नाव ‘रिक्यूजल’.

इंग्रजीत हे क्रियापद वापरण्याची एक खास पद्धत आहे. नुसतं ‘द जज रिक्यूज्ड’ असंही हल्ली लिहिलं जातं, पण रुळलेला वापर आहे ‘द जज रिक्यूज्ड हरसेल्फ फ्रॉम द केस’ असा. म्हणजे या क्रियापदाला ‘स्वतःला’ हे शेपूट लागतं. करणारी व्यक्ती आणि जिच्यावर क्रिया होते ती व्यक्ती एकच. हे ‘स्वतःला’ लक्षात ठेवा. सगळा वाद पुढे तिथेच येऊन थांबतो.

या शब्दाची काही जुळी भावंडं आहेत आणि ऑटोकरेक्टच्या कृपेने ती एकमेकांच्या जागी येऊन बसतात:

- रेस्क्यू: सुटका करणं. ‘न्यायाधीशांना रेस्क्यू केलं’ असं लिहिलंत तर लोक पूर कुठे आला ते शोधतील.
- रिफ्यूज: नकार देणं. न्यायाधीशांनी ‘रिक्यूज करायला रिफ्यूज केलं’ अशीही बातमी येऊ शकते. म्हणजे बाजूला व्हायला नकार दिला.
- रिक्लूस: जगापासून दूर, एकांतात राहणारी व्यक्ती. हे नाम आहे, क्रियापद नाही.
- एक्सक्यूज: माफ करणं, सूट देणं. हे मात्र ‘रिक्यूज’चं खरंखुरं नातलग आहे.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘कॉजा’ म्हणजे कारण, आणि कोर्टातला दावाही. या एका शब्दापासून इंग्रजीत तीन क्रियापदं आली. ‘अक्यूज’ म्हणजे आरोप करणं, ‘एक्सक्यूज’ म्हणजे आरोपातून मोकळं करणं आणि ‘रिक्यूज’ म्हणजे हरकत घेणं, नाकारणं. तिन्हींचा जन्म कोर्टकचेरीच्या भाषेतला.

याच कुळातला आणखी एक शब्द इंग्लंडच्या इतिहासात गाजला आहे, ‘रेक्युझंट’. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात सरकारमान्य चर्चच्या प्रार्थनेला जायला नकार देणाऱ्यांना, विशेषतः कॅथलिकांना, हे नाव पडलं. नकाराची किंमतही मोजावी लागे. आधी दर गैरहजेरीला १२ पेन्स दंड होता, १५८१ च्या कायद्याने तो महिन्याला २० पौंडांवर गेला.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या वापरात ‘रिक्यूज’ करणारा न्यायाधीश नव्हताच. करायचा तो पक्षकार. ‘हे न्यायाधीश मला मान्य नाहीत, ते निःपक्षपाती राहणार नाहीत’ अशी हरकत पक्षकाराने घेणं म्हणजे न्यायाधीशाला ‘रिक्यूज’ करणं. फ्रेंच भाषेत ‘रेक्युझे’ हे क्रियापद आजही या अर्थाने वापरलं जातं.

पुढे इंग्रजीत कर्ता बदलला. हरकत घेणाऱ्या पक्षकाराच्या जागी स्वतः बाजूला होणारा न्यायाधीश आला. वरवर पाहता हा व्याकरणातला छोटा बदल, पण निर्णय कुणाच्या हातात आहे, हेच त्यातून कळतं.

बाजूला व्हायचंच कशाला? न्यायाधीश तर प्रामाणिक असतात ना?

असतात, असं गृहीत धरूनच हा नियम बनला आहे.

आपल्याकडे ‘पंचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पंचाने दिलेला निवाडा देवाने दिल्यासारखा मानायचा. पण तो तसा मानला जावा, यासाठी हरणाऱ्यालाही पंचाबद्दल शंका नसावी लागते. कायद्यात यासाठी लॅटिन वचन आहे, ‘नेमो ज्युडेक्स इन कॉजा सुआ’. अर्थ असा की, स्वतःच्याच दाव्यात कुणी न्यायाधीश होऊ नये. यातही तोच ‘कॉजा’ आहे.

याची दोन नमुनेदार उदाहरणं इंग्लंडमधली आहेत. आपली न्यायपद्धती तिथून आल्यामुळे भारतातल्या निकालांतही त्यांचा उल्लेख होत असतो.

पहिलं १८५२ चं. ग्रँड जंक्शन नावाच्या कालवा कंपनीचा खटला तिथले लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांच्यासमोर गेला. त्यांनी कंपनीच्या बाजूने आदेश दिला. नंतर उघड झालं की, कंपनीचे शेअर्स त्यांच्याकडेच होते. त्यांनी पैशासाठी निकाल दिला असेल असं कुणीही म्हटलं नाही. तरीही तो आदेश रद्द झाला. पैशाचा थेट संबंध आला की न्यायाधीशाच्या मनात काय होतं हे तपासायचंच नाही, तो आपोआप अपात्र, हा नियम त्यातून पक्का झाला.

दुसरं चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांचं. त्यांना अटकेपासून संरक्षण आहे का, यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १९९८ मध्ये ३ विरुद्ध २ अशा मताने पिनोशेंच्या विरोधात निकाल दिला. त्या खटल्यात ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही मानवी हक्क संघटना सहभागी होती. बहुमतातले एक न्यायाधीश लॉर्ड हॉफमन हे या संघटनेशी जोडलेल्या धर्मादाय कंपनीचे अध्यक्ष होते, आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं. या पदाचे त्यांना पैसेही मिळत नव्हते. तरी पुढच्याच महिन्यात तो निकाल रद्द झाला आणि १९९९ मध्ये सात न्यायाधीशांसमोर सगळं पुन्हा ऐकावं लागलं.

जगभर गाजलेला निकाल एका न्यायाधीशाने वेळेवर एक वाक्य न बोलल्यामुळे मोडला. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसावाही लागतो, या तत्त्वाची ही किंमत आहे.

भारतात कसोटी काय?

भारतात न्यायाधीशांनी कधी बाजूला व्हावं, याचा सर्वसमावेशक असा वेगळा कायदा नाही. वेगवेगळ्या निकालांतून आणि आचारसंहितेतून तत्त्वं घडली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांसाठी मूल्यांची एक यादी स्वीकारली. कुटुंबातली व्यक्ती, जवळचे नातेवाईक किंवा मित्र ज्यात गुंतले आहेत, असं प्रकरण ऐकू नये, असं त्यात म्हटलं आहे. ज्या कंपनीचे शेअर्स आपल्याकडे आहेत, तिचं प्रकरण आलं तर ते आधी जाहीर करावं आणि कुणाची हरकत नसेल तरच ऐकावं.

ढोबळमानाने कारणं अशी असतात:

- प्रकरणात स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक संबंध असणं.
- पक्षकाराशी किंवा प्रकरणातल्या व्यक्तीशी नातं, जवळीक असणं.
- वकील असताना त्याच वादात कुणाची तरी बाजू मांडलेली असणं.
- ज्या निर्णयाला आव्हान दिलं आहे, तो घेण्यात स्वतःचा सहभाग असणं.

आर्थिक संबंध सोडला तर बाकी ठिकाणी प्रश्न येतो की, पक्षपात होईल असं कुणाला वाटायला हवं? याचं महत्त्वाचं उत्तर १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यात मिळतं.

ठाकूर हे लष्करातले सिग्नलमन. आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध त्यांनी थेट वरिष्ठांकडे तक्रार केली. त्यासाठी त्यांना २८ दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ती भोगत असताना त्यांनी जेवायला नकार दिला, म्हणून पुन्हा कारवाई झाली. एक वर्षाचा तुरुंगवास आणि नोकरीतून बडतर्फी. ज्या लष्करी न्यायासनाने ही शिक्षा दिली, त्यात तेच अधिकारी बसले होते, ज्यांच्याविरुद्ध ठाकूर यांनी तक्रार केली होती.

सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली आणि ठाकूर यांना सर्व लाभांसह नोकरीत परत घेण्याचा आदेश दिला. न्यायालयाने सांगितलेली कसोटी अशी: न्यायाधीशाने स्वतःच्या मनात डोकावून ‘मी पक्षपाती आहे का?’ असं विचारू नये. समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या जागी जाऊन पाहावं. त्याच्या मनात येणारी भीती वाजवी आहे का, हे बघावं.

‘मी प्रामाणिक आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नसतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं?

कृष्णेचं पाणी: महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पाणीवाटपाचा वाद महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश यांच्यात आहे. जानेवारी २०२२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्यासमोर आला. एक मूळचे महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकचे. दोघांनीही तेच कारण सांगितलं आणि बाजूला झाले.

अयोध्या: १० जानेवारी २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ सुनावणीला बसलं. ज्येष्ठ वकील राजीव धवन यांनी लक्षात आणून दिलं की, पीठातले न्या. उदय लळित यांनी वकील असताना उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंह यांची संबंधित प्रकरणात बाजू मांडली होती. न्या. लळित त्याच दिवशी बाजूला झाले आणि नवीन पीठ तयार करावं लागलं. निकाल त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला आला.

लग्नाचं आमंत्रण: त्याच महिन्यात सीबीआयच्या हंगामी संचालकपदी एम. नागेश्वर राव यांच्या नेमणुकीला आव्हान देणारी याचिका आली. सरन्यायाधीश रंजन गोगोई बाजूला झाले, कारण नवीन संचालक निवडणाऱ्या समितीत तेच बसणार होते. मग न्या. ए. के. सिक्री बाजूला झाले. त्यानंतर न्या. एन. व्ही. रमणा यांनीही नकार दिला. राव आपल्याच राज्याचे आहेत आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो होतो, असं त्यांनी सांगितलं.

अमेरिकेतलं हार्वर्ड प्रकरण: विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करावा का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये निकाल दिला. एकाच मुद्द्यावर दोन विद्यापीठांविरुद्ध दोन खटले होते. न्या. केतांजी ब्राऊन जॅक्सन या हार्वर्डच्या एका प्रशासकीय मंडळावर होत्या. त्यामुळे हार्वर्डच्या खटल्यात त्या बसल्या नाहीत, पण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या खटल्यात बसल्या आणि आपलं मतही लिहिलं. ‘त्या प्रकरणापुरतं’ म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

आणि न्यायाधीशांनी नकार दिला तर?

पक्षकाराने विनंती केली म्हणजे न्यायाधीशांनी बाजूला झालंच पाहिजे, असं नाही. उलट, विनाकारण बाजूला होणं ही कर्तव्यात कसूर ठरू शकते, असाही विचार आहे.

त्यामागे खरी अडचण आहे. नको असलेले न्यायाधीश टाळण्यासाठी एकामागून एक आरोप करत जायचं आणि सोयीचं पीठ मिळेपर्यंत थांबायचं, ही युक्ती वापरली जाऊ शकते. तिला कोर्टाच्या भाषेत ‘बेंच हंटिंग’, म्हणजे हव्या त्या खंडपीठाची शिकार, असं म्हणतात. प्रत्येक आरोपाबरोबर न्यायाधीश हलू लागले, तर खटला कुणापुढे चालवायचा हे आरोप करणाराच ठरवेल.

२०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठीच्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा खटला याच पेचात सापडला. आधी न्या. अनिल दवे बाजूला झाले, कारण ते त्या आयोगाचे पदसिद्ध सदस्य झाले होते. त्यांच्या जागी न्या. जगदीशसिंह खेहर आले, तर त्यांच्यावरही हरकत आली. ते आधीच्या कॉलेजियम पद्धतीत सहभागी होते ना! न्या. खेहर यांनी मात्र नकार दिला. हरकत मान्य केली तर चुकीचा पायंडा पडेल, अशी त्यांची भूमिका होती. २०१९ मध्ये भूसंपादन कायद्याच्या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा यांनाही बाजूला होण्याची विनंती झाली, कारण त्याच मुद्द्यावरच्या आधीच्या निकालात ते होते. त्यांनीही ती फेटाळली.

सोशल मीडियाचा थेट संबंध आलेलं प्रकरण कोलकात्याचं. नंदीग्रामच्या निवडणूक निकालाला ममता बॅनर्जी यांनी आव्हान दिलं आणि ते प्रकरण न्या. कौशिक चंदा यांच्याकडे गेलं. न्यायाधीश होण्यापूर्वीचे त्यांचे भाजपच्या कार्यक्रमातले फोटो सोशल मीडियावर फिरू लागले. ७ जुलै २०२१ रोजी ते बाजूला झाले, पण ज्या पद्धतीने ही मागणी केली गेली त्याबद्दल ममता बॅनर्जींना ५ लाख रुपयांचा दंडही ठोठावला. आरोप पटले म्हणून नव्हे, तर वाद चिघळू नये म्हणून आपण बाजूला होत आहोत, असा त्यांचा सूर होता.

कधी कधी बाजूला होणं शक्यच नसतं. निर्णय घेऊ शकणारी एकच व्यक्ती किंवा संस्था असेल, तर ती बाजूला झाल्यावर निर्णयच होणार नाही. अशा वेळी ‘आवश्यकतेचं तत्त्व’ लागू होतं. १९९६ मध्ये जयललिता यांच्या अपात्रतेच्या प्रकरणात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्यावर तक्रारदार सुब्रमण्यम स्वामी यांच्याशी असलेल्या मैत्रीमुळे हरकत घेतली गेली. न्यायालयाने मधला मार्ग काढला. आधी बाकीच्या दोन आयुक्तांनी मत द्यावं, त्यांच्यात मतभेद झाला तरच शेषन यांनी उतरावं.

मग खरा प्रश्न कुठे आहे?

पुन्हा त्या ‘स्वतःला’ कडे येऊ.

भारतात एखाद्या न्यायाधीशाने बाजूला व्हावं का, हे सर्वसाधारणपणे तेच न्यायाधीश ठरवतात. म्हणजे ‘स्वतःच्या दाव्यात कुणी न्यायाधीश होऊ नये’ या नियमाची अंमलबजावणीच स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊन करावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही असंच आहे. २००४ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्याशी संबंधित खटला चालू असताना न्या. अँटोनिन स्कालिया त्यांच्यासोबत बदकांच्या शिकारीला गेले. बाजूला होण्याची मागणी झाली. स्कालिया यांनी २१ पानी उत्तर लिहून ती स्वतःच फेटाळली. जर्मनीत मात्र पक्षकाराने अशी हरकत घेतली तर ती त्या न्यायाधीशाला वगळून इतर न्यायाधीश तपासतात.

स्कालिया यांचं उत्तर पटो न पटो, निदान ते वाचता तरी येतं. आपल्याकडचा दुसरा प्रश्न नेमका हाच आहे. बाजूला होताना कारण सांगण्याचं बंधन नाही. अनेकदा आदेश दोन ओळींचा असतो. प्रकरण अशा पीठासमोर ठेवा, ज्यात अमुक न्यायमूर्ती नसतील. विषय संपला.

कारण कळलं नाही तर काय होतं, हे २०१९ मध्ये दिसलं. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात गुन्हा रद्द करण्याची गौतम नवलखा यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबरला फेटाळली, पण वर दाद मागता यावी म्हणून तीन आठवडे अटकेपासून संरक्षण दिलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० सप्टेंबरला सरन्यायाधीश गोगोई बाजूला झाले. १ ऑक्टोबरला न्या. रमणा, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. भूषण गवई हे तिघांचं अख्खं पीठ बाजूला झालं. ३ ऑक्टोबरला न्या. रवींद्र भट बाजूला झाले. चार दिवसांत पाच न्यायमूर्ती, आणि कारण एकाचंही जाहीर झालं नाही. इकडे संरक्षणाची मुदत संपत आली होती. अखेर ४ ऑक्टोबरला दुसऱ्या पीठाने ती १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली.

नवलखा यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं मत काहीही असो, इथे मुद्दा वेगळा आहे. पाचही न्यायमूर्तींकडे योग्य कारण असेल, अगदी काटेकोर प्रामाणिकपणातून ते बाजूला झाले असतील. पण ते सांगितलं गेलं नाही, त्यामुळे विश्वास टिकवण्यासाठी उचललेलं पाऊल तर्कवितर्कांचं खाद्य बनलं. शिवाय बाजूला होण्याचा खर्च नेहमी पक्षकार भरतो. तारीख पुढे जाते, नवीन पीठाची वाट पाहावी लागते आणि युक्तिवाद बराच झालेला असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. तुरुंगात असलेल्या किंवा अटकेच्या छायेत असलेल्या माणसासाठी प्रत्येक तारीख मोठी असते.

कारण द्यावं की नाही, यावर न्यायाधीशांमध्येही दोन मतं आहेत. नियुक्ती आयोगाच्या खटल्यात न्या. कुरियन जोसेफ यांनी कारणं दिली पाहिजेत, असं मत नोंदवलं. कारणं दिली की पारदर्शकता येते आणि पुढच्यांसाठी नियम तयार होत जातात. उलट बाजूचं म्हणणं असं की, काही कारणं खासगी असतात. कुटुंबातलं आजारपण, जुने संबंध, कुणी गुपचूप साधलेला संपर्क. शिवाय कारण लिहिलं की त्या कारणावरच नवा वाद सुरू होऊ शकतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण न्या. रमणा यांनी लग्नाचं कारण एका वाक्यात सांगितलं, त्याने कुणाचंही नुकसान झालं नाही. शंकेला मात्र जागा उरली नाही.

कोर्टाबाहेर हा शब्द वापरता येतो का?

येतो. निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्या निर्णयात स्वतःचा संबंध, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘रिक्यूज’ लागू होतो.

अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स २ मार्च २०१७ रोजी २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीशी संबंधित चौकशांपासून बाजूला झाले, कारण ते स्वतः ट्रम्प यांच्या प्रचारात होते. भारतातल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १८४ सांगतं की, ज्या करारात संचालकाचा स्वतःचा संबंध आहे, तो त्याने जाहीर करावा आणि त्या चर्चेत भाग घेऊ नये. कायद्यात शब्द वेगळे आहेत, तत्त्व तेच.

आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. सोसायटीच्या रंगकामाचं टेंडर निघालं आणि एक कोटेशन कमिटी मेंबरच्या भावाचं आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांची पुतणीच स्पर्धक आहे. मुलाखत घेणाऱ्या पॅनलसमोर जुना मित्र येऊन बसला आहे. अशा वेळी ‘यात मी मत देणार नाही, माझा संबंध आहे’ असं सांगून बाजूला होणं म्हणजे रिक्यूज होणं. हे आधी सांगितलं तर प्रामाणिकपणा दिसतो. निकाल लागल्यावर दुसऱ्याने शोधून काढलं, तर पॉइंट कितीही खरे दिले असले तरी कुणी ऐकत नाही.

पण प्रत्येक नकार म्हणजे ‘रिक्यूज’ नव्हे. कंटाळा आला म्हणून मीटिंगला न जाणं म्हणजे रिक्यूज नाही. पार्टीचं आमंत्रण नाकारणंही नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून पद सोडणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तेही रिक्यूज होणं नव्हतं. त्यांनी निवाडा दिला आणि मग पद सोडलं. रिक्यूज होणारा याच्या नेमका उलट वागतो. तो निवाडा देत नाही, पण पदावर राहतो.

पुढची बातमी वाचताना

‘रिक्यूज’ असलेली बातमी पुन्हा समोर आली, की शेअर करण्याआधी चार गोष्टी तपासा:

१. न्यायाधीश स्वतःहून बाजूला झाले, की कुणी मागणी केल्यावर?
२. कारण सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर ते बातमीत आहे, की फक्त कॅप्शन लिहिणाऱ्याचा अंदाज?
३. सुनावणी सुरू होण्याआधी बाजूला झाले, की बरीच ऐकून झाल्यावर?
४. आता प्रकरण कुणाकडे जाणार आणि तोपर्यंत पक्षकाराचं काय?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर न्यायाधीशांबद्दल मत बनवायला काहीतरी आधार मिळेल. चौथा प्रश्न कमेंट्समध्ये क्वचितच कुणी विचारतं. पण ज्याची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालली आहे, त्याच्यासाठी तोच सगळ्यात मोठा असतो.